पुढच्या माणसाचं वजन

जयराम भोयेचं सगळं आयुष्य लाकडात गेलं, पण त्याच्या हातची एकही वस्तू कुणाच्या घरात सापडणार नाही. अंबडच्या एका फाउंड्रीत तो पॅटर्न बनवायचा. पंपाचं कवच असो की मशीनचा पाय, जे ओतायचं ते आधी लाकडात घडवायचं, त्याचा ठसा वाळूत उठवायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडायचं. लोखंड गाडीत बसून बाहेर जायचं आणि लाकूड मांडणीवर धूळ खात पडायचं. जयरामला त्याचं वाईट वाटायचं नाही. पेठकडच्या डोंगरातून आला तेव्हा त्याला नांगराचं जू आणि घराचा खांब एवढंच लाकूड ठाऊक होतं. त्या मानाने आपण लांब आलो, असं तो म्हणायचा.

त्याच्या खिशात नेहमी एक पोलादी पट्टी असायची. दिसायला साधी फूटपट्टी, पण तिचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा जरा मोठा. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून लाकूड आधीच तेवढं मोठं धरायचं, आणि त्यासाठी ही वेगळी पट्टी. निवृत्तीच्या दिवशी इतरांना घड्याळं मिळाली. जयरामने ही पट्टी मागून घेतली.

त्याच फाउंड्रीत यादव पगारे फिटर होता. उंच, आवाज मोठा, चष्म्याची काडी कायम तारेने बांधलेली. चोवीस वर्षांपूर्वी गंगापूर धरणाच्या काठावरचा शिडाच्या होड्यांचा एक लहानसा क्लब बंद पडला, तेव्हा गवतात पालथी पडलेली एक होडी या दोघांनी उचलून आणली. चौदा फुटी, लाकडाची, जुन्या घडणीची, आता तशी कुणी बनवत नाही. क्लबात शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने तीन रविवार त्यांना शिकवलं आणि पुढचं धरणाने शिकवलं. जयरामला पोहता येत नव्हतं, अजूनही येत नाही. दोघं दर रविवारी सकाळी तिकडे पळतात हे पाहून जयरामची बायको चांगुणा होडीला ‘सवत’ म्हणू लागली. यादवच्या बायकोने, लताबाईने, ते ऐकून विचारलं, “दोघींची एकच का गं?” तेव्हापासून होडीचं दुसरं नाव कुणी ठेवलं नाही.

दोघांच्या जागा ठरलेल्या होत्या. यादव मागे, हातात सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर. जयराम पुढे, डोलकाठीपाशी. शिडं चढवणं, उतरवणं, पुढचं लहान शीड या कुशीवरून त्या कुशीवर घेणं हे त्याचं काम. होडी वळवण्याआधी यादव मागून विचारायचा, “वळवू?” जयराम दोर सोडायला तयार झाला की म्हणायचा, “वळव.” चोवीस वर्षांत त्याने ‘थांब’ म्हटलं ते तीन-चारदाच, आणि दर वेळी यादव थांबला होता.

तीन वर्षांपूर्वी लताबाई गेली. चार महिने यादव इस्पितळाच्या बाकावर बसून होता. ती गेल्यावर त्याने घराचं दार लावून घेतलं. मुलगी स्नेहल पुण्याहून येऊन गेली, न्यायला तयार होती, हा गेला नाही. विहारात जाणं सुटलं, दाढी वाढली, कॉलनीतली माणसं दारावरून परत जाऊ लागली. जयराम रोज जायचा, दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर अर्धा तास बसायचा आणि उठून यायचा. सहाव्या महिन्यात त्याने दारातूनच सांगितलं, “सवतीच्या पोटाला भोक पडलंय. मला तुझ्यासारखा बोल्ट आवळता येत नाय.” भोक वगैरे काही नव्हतं. यादव आला, भोक शोधलं, शिव्या दिल्या. मग होडी पाण्यात घातली. पार मध्यावर गेल्यावर त्याने सहा महिन्यांतलं पहिलं धड वाक्य उच्चारलं: “आज वारा पश्चिमेचा आहे.”

म्हणून गेल्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी जयरामला समोर बसवून पोटातल्या गाठीबद्दल सांगितलं, ती कुठवर पसरली आहे तेही सांगितलं, तेव्हा घरी येताना त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो यादवचा. चांगुणाजवळ त्याने तो बोलूनही दाखवला.

“मी इथं उभी हाय,” चांगुणा म्हणाली, “आणि तुम्हाला भाऊजींची पडलीय.”

“तुला पिंकीसारखी लेक हाय, गाव हाय, भावंडं हायत. त्याला रविवार हाय फक्त.”

चांगुणाने निवडलेले तांदूळ सुपात ओढले. मग म्हणाली, “सांगून टाका त्यांना.”

“सांगितलं तर तो परत बाकावर येऊन बसंल. आणि मग परत दार लावंल.”

जयरामचा बेत सरळ होता. होडी दोन माणसांची आहे, ती एका माणसाची करायची. मग पुढचा माणूस नसला तरी यादवचा रविवार चुकणार नाही. फक्त हे काम यादवच्या देखत करायचं होतं आणि त्याला कळू द्यायचं नव्हतं.

निमित्त आयतंच होतं. होडीचा डेक, म्हणजे पुढच्या अर्ध्या भागावरची झाकणफळी, पावसाळ्यात फुगली होती आणि प्लायवूडचे पापुद्रे सुटले होते. होडी ठेवली होती धरणकाठी, काळूच्या द्राक्षबागेच्या कडेला, पॅकिंगच्या शेडला लागून. काळूचा बाप यांचा दोस्त होता. बाप गेला तरी जागा राहिली. डिसेंबरात दोघांनी डोलकाठी उतरवली आणि जुना डेक उचकटून काढला.

“नवीन बसवतोच हाय, तर जरा बदल करू,” जयराम म्हणाला. “माझे सगळे दोर डेकच्या खालून मागं नेऊ.”

“मागे म्हणजे माझ्याकडे?”

“गुडघे गेलेत रे. दर वेळी वाकून पुढं सरकायचं होत नाय आता.”

“मग तू काय करणार पुढे बसून?”

“हवा खाईन.”

“चोवीस वर्षं तेच केलंस,” यादव म्हणाला आणि कप्प्या शोधायला गेला.

जयरामने प्रत्येक दोराचा रस्ता आधी जमिनीवर खडूने आखला. शीड चढवायचा दोर डोलकाठीच्या पायाशी असलेल्या कप्पीतून वळून डेकखालून मागे येणार आणि यादवच्या उजव्या गुडघ्यापाशी बाहेर पडणार. तिथे दोर चावून धरणारी दातेरी पकड बसवली, एका हाताने ओढला की धरून ठेवते, झटका दिला की सोडते. पुढच्या शिडाचे दोन्ही दोर तसेच मागे घेतले. यादवच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, म्हणून पुढच्या शिडाचे दोर लाल आणले, मोठ्याचे पांढरे, आणि टोकांना गाठीही वेगवेगळ्या मारल्या. न बघता बोटांना कळाव्यात अशा.

“एवढं लाल कशाला? मिरवणूक आहे का?”

“तुला दिसंना म्हणून.”

“मला सगळं दिसतं,” यादव म्हणाला. त्या सबंध हिवाळ्यात तो जयरामला दर रविवारी बघत होता आणि त्याला काही दिसलं नव्हतं. जयराम मुळात काडीसारखा बारीक. वर दोन स्वेटर. साखर निघाली, डॉक्टरने भात बंद केलाय, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

सर्वांत अवघड काम पुढचं शीड आवरण्याचं होतं. वारा चढला की ते उतरवायला माणूस पुढे जावाच लागतो. जयरामला एका जुन्या पुस्तकातलं चित्र आठवत होतं: शिडाच्या खालच्या टोकाला एक चकरी, चकरीवर दोर, मागून दोर ओढला की चकरी फिरते आणि सगळं शीड आपल्याच तारेभोवती गुंडाळलं जातं. त्याने चकरी सागवानात घडवून दाखवली. यादवने ती हातात घेऊन फिरवली आणि सवयीने विचारलं, “मोठी धरलीस का?”

“नाय. ही ओतायची नाय, कातायची हाय. बरोब्बर मापाची हाय.”

यादवने ती अंबडच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर बसून ॲल्युमिनियममध्ये कातली. चकरीत बेअरिंग घातलं. आणल्यावर लहान मुलासारखा तासभर ती फिरवत बसला. जयराम त्याच्याकडे बघत होता. आपल्याला होडीतून उतरवणारी वस्तू यादव स्वतःच्या हातांनी घडवतोय आणि खूश आहे, हे बघून त्याला बरंही वाटलं आणि पोटात गाठीच्या शेजारी दुसरंच काहीतरी दुखलं.

एक गोष्ट राहिली होती. पुढचा माणूस नुसते दोर ओढत नाही, तो वजनही असतो. तो नसेल तर होडी मागे बसते, नाक वर काढते आणि सरळ चालत नाही. जयरामने आपल्या जागेवर दोन्ही बाजूंना दोन इंची पट्ट्या ठोकल्या. यादवने विचारलं तेव्हा “पाय अडकवायला,” असं सांगितलं. त्या पट्ट्या गोण्या सरकू नयेत म्हणून होत्या.

फेब्रुवारीत होडी पाण्यात गेली. दोन रविवार दोघांनी मिळून चालवली, झकास चालली. तिसऱ्या रविवारी जयरामने दोन भरलेल्या गोण्या पुढे केल्या. नदीची वाळू, काळूच्या द्राक्षाच्या काट्यावर मोजलेली, एकेक एकोणतीस किलोची.

“पिंकीकडं जायचंय महिनाभर,” तो म्हणाला. “पोरीचे दिवस भरत आलेत. तू रविवार मोडू नको. माझ्या जागी ह्या ठेव.”

“महिनाभर थांबेन की मी.”

“वारा थांबंल का? हा महिनाच तर वाऱ्याचा हाय. जा, एक फेरी मारून ये, मी बघतो इथनं.”

यादव कुरकुरत गेला. काठावर दगडावर बसून जयराम बघत होता. शीड चढलं, लाल दोर मागे ओढला गेला, चकरी फिरली, सगळं सुटसुटीत झालं. मग होडीने वारा घेतला आणि जयरामच्या कपाळाला आठी पडली. होडी नाक पाण्यात खुपसत होती. यादव सुकाणूवर सगळा जोर देऊन तिला सरळ धरत होता आणि ती पुन्हा पुन्हा वाऱ्याकडे तोंड फिरवत होती. दहा मिनिटांत तो परत आला. शर्ट पार भिजलेला.

“तोंडजड झालीय,” तो म्हणाला. “किती वाळू घातलीस?”

“माझ्याइतकीच.”

“किती?”

“अठ्ठावन्न. फॅक्टरीच्या मेडिकलला अठ्ठावन्न, निवृत्तीच्या टायमालाही अठ्ठावन्न. माझं वजन कधी हाललं नाय.”

यादव होडीत उभा राहून गोण्यांकडे बघत राहिला. तो फिटर होता. एखादी गोष्ट बसत नसेल तर दोनपैकी एक माप चुकलेलं असतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. गेल्याच रविवारी हीच होडी, हाच डेक, याच जागी हाच माणूस, आणि सुकाणू दोन बोटांनी धरता येत होतं.

“चल माझ्याबरोबर,” तो म्हणाला.

“कुठं?”

“काट्यावर.”

शेडमध्ये द्राक्षाचे क्रेट रचलेले होते. काळू बायकांना पॅकिंगचं सांगत होता, तो बाजूला झाला. जयराम काट्यापाशी जाऊन थांबला. शेवटी चपला काढून वर चढला. आकडे लाल होऊन हलले आणि थांबले. त्रेचाळीस पूर्णांक सहा.

“स्वेटर काढ,” यादव म्हणाला.

जयरामने एक काढला, मग दुसरा. बेचाळीस पूर्णांक चार. नुसत्या सदऱ्यात त्याचे खांदे खुंटीला अडकवलेल्या कपड्यासारखे दिसत होते. काळूने मान खाली घातली.

“पिंकीचे दिवस भरलेत का खरंच?”

“नाय.”

“केव्हापासून माहीत आहे?”

“नोव्हेंबर.”

“म्हणजे डेक काढला त्याच्या आधी.” यादवने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही. “सबंध जन्म आकसण्याचं माप धरून काम केलंस, जया. आणि स्वतःचं तेवढं धरलं नाहीस.”

मग तो चालत रस्त्यापर्यंत गेला. होडी अर्धी पाण्यात, शीड फडफडत होतं. ते काळूने आणि जयरामने मिळून उतरवलं.

पुढच्या रविवारी यादव आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. फोन उचलत नव्हता. जयरामला आता दोन जिने चढून त्याच्या पायरीवर जाऊन बसणं शक्य नव्हतं. तो खाटेवर पडून ती पोलादी पट्टी बोटांत फिरवायचा. औषधाने तोंड कडू झालेलं. आपण होडी नीट केली आणि माणूस मोडला, असं त्याला वाटत होतं. एका दुपारी चांगुणा न सांगता बाहेर गेली आणि संध्याकाळी परत आली. पदर डोक्यावरून घसरलेला, चेहरा लाल.

“कुठं गेलतीस?”

“भाऊजींकडं. दार उघडत नव्हते. मी काठीनं वाजवलं. शेजारीपाजारी बाहेर आले तेव्हा उघडलं.”

“काय म्हणलीस?”

“काय म्हणणार? म्हणलं, ह्या माणसाला मरायची भीती नाय. तुम्ही असं दार लावून बसाल ह्याची हाय. चार महिने त्याच्यापायीच राबला हा, आन् मी बघत बसले. आता तुम्ही हेच करणार असाल तर ती सवत फोडून माझ्या चुलीत घाला, म्हणजे माझं तरी समाधान व्हईल.”

“आणि तो?”

“चहा केला मला. साखर घालायची इसरले.”

रविवारी सकाळी खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. यादव वर आला, जयरामच्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या आणि खोकला. “चल. उशीर झाला तर ऊन चढेल,” तो म्हणाला. शेडपाशी उतरल्यावर त्याने जयरामला दंडाला धरून आधी काट्यावर नेलं. एक्केचाळीस. मग दोन्ही गोण्यांची तोंडं सोडली आणि डब्याडब्याने वाळू काढून काठावर ओतली. पुन्हा मोजली, पुन्हा काढली. गोण्या मिळून एक्केचाळीस भरल्या तेव्हा सुतळीने तोंडं शिवली.

“आता दर रविवारी असंच,” तो गोणीकडे बघत म्हणाला. “आधी तू काट्यावर. मग ह्या. तुझ्यापेक्षा जास्त मी पुढे बसवणार नाही.”

“आणि मी आलोच नाय तर?”

सुतळीचं टोक दातांनी तोडायला यादवला बराच वेळ लागला. “तर शेवटचा आकडा धरीन,” तो म्हणाला.

त्या दिवशी होडी दोन बोटांवर चालली. तसे पाच रविवार झाले. पहिल्या दोन वेळा यादवने गोण्या काठावर ठेवून जयरामला त्याच्या जागी बसवलं, पट्ट्यांच्या मधे, आणि एक छोटी फेरी मारली. दोरांना हात लावायचं कारण नव्हतं, तरी लाल दोर सरकला की जयराम त्याच्यावर बोट ठेवायचा. मग काठावरून होडीत पाय टाकणं त्याला जमेना. काळू काठावर खुर्ची आणून ठेवू लागला. खुर्चीशेजारी गोण्यांतून काढलेल्या वाळूचा ढीग होता, दर रविवारी थोडा वाढलेला. जयराम बसल्या बसल्या त्यात पाय खुपसायचा. सकाळची वाळू गार असायची.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी काटा छत्तीसवर थांबला. यादवने पाच डबे काढले, मोजलं, शिवलं, आणि होडी ढकलली. चांगुणा आज बरोबर आली होती. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिने सवत चालताना पाहिली. ती खुर्चीमागे उभी राहिली, उन्हात पदराची सावली जयरामच्या डोक्यावर धरून.

होडी काठाला धरून लांब गेली, वारा घेऊन एका कुशीवर कलली. जयराम बारीक डोळे करून बघत होता. नाक वर नाही, खाली नाही. पाणी दोन्ही बाजूंनी सारखं फाकत होतं. पलीकडच्या टेकडीपाशी पोहोचून ती परत फिरली आणि तिरकी यांच्याकडे येत हाकेच्या अंतरावर आली. वळायची जागा इथेच होती. यादवने सुकाणूवरची पकड बदलली, लाल दोर हातात घेतला, आणि चोवीस वर्षांची सवय पाण्यावरून स्वच्छ ऐकू आली.

“वळवू?”

विचारलं आणि तो तसाच थांबला. पुढे गोण्याच होत्या. होडी सरळ काठाकडे येत राहिली, लव्हाळ्यापर्यंत आली, तरी यादवने सुकाणू हलवलं नाही. मान वर करून तो समोर, गोण्यांकडे बघत होता.

जयरामने चांगुणाचा हात धरून खुर्चीतून अंग थोडं उचललं. आवाज त्याच्या स्वतःच्याच कानांपर्यंत जेमतेम पोहोचला.

“वळव.”

चांगुणाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पाण्यावर हाक घातली, “वळवा म्हणतायत, भाऊजी.”

होडी वळली.